गुडघ्यांचे निवृत्तीवय

जर्मनीत निवृत्तीच्या वयाचा वाद पेटला, की थोड्याच वेळात एक कामगार चर्चेत ओढला जातो. छपरावर कौले आणि स्लेटच्या पातळ फरश्या बसवणारा हा माणूस. जर्मन लोक त्याला 'डाखडेकर' म्हणतात. २००६ साली मजूरमंत्री फ्रान्झ म्युंटेफेरिंग निवृत्तीचे वय ६५ वरून ६७ वर न्यायला निघाले, तेव्हा त्यांच्याच सोशल डेमोक्रॅट पक्षाचे कुर्ट बेक यांनी याच कामगाराचा दाखला देऊन अपवाद मागितले. मार्च २००७ मध्ये संसदेने कायदा मंजूर केला. २०१२ पासून वयाची अट टप्प्याटप्प्याने वाढते आहे आणि १९६४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण पेन्शन ६७ व्या वर्षी मिळणार आहे. कायदा होऊन गेला, नेते बदलले, पण छपरावरचा माणूस त्या वादातून काही खाली उतरलेला नाही. कोणी अर्थतज्ज्ञ आयुर्मान वाढल्याचा आलेख दाखवतो आणि समोरचा विचारतो, मग छपरावरच्या माणसाचे काय?

जर्मनीत या धंद्यातले सर्वांत गाजलेले नाव बहुधा पूर्व जर्मनीचा सत्ताधीश एरिक होनेकर याचे असेल. त्याने तर उमेदवारीही पुरी केली नाही. १९३० साली तो छप्पर सोडून मॉस्कोला पक्षाच्या शाळेत दाखल झाला. जे छपरावरच राहिले त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. वादात मात्र त्यांचे गुडघे सगळेच वापरतात.

छपरावरच्या माणसाचे काय, हा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर मात्र जो तो निवृत्तीच्या तारखेत शोधतो, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. छपरावरच्या माणसाचे म्हातारपण हा पेन्शनचा प्रश्न होण्याआधी मजुरीचा प्रश्न असतो. जोवर पैसा फक्त वर चढलेल्या शरीराला मिळतो आणि त्या शरीरात चाळीस वर्षांत साठलेल्या जाणकारीला मिळत नाही, तोवर निवृत्तीचे वय ६० ठेवा नाहीतर ६७, माणूस मोडूनच खाली येणार. हे जर्मनीत दिसते, आणि कोकणात तर त्याहून स्पष्ट दिसते.

आधी जर्मनी. बिस्मार्कच्या काळात, १८८९ साली, तिथे कामगारांसाठी पेन्शनचा कायदा झाला तेव्हा वृद्धापकाळाचे वय ७० ठरले होते. ते ६५ वर आले १९१६ मध्ये. सत्तरी गाठणारे कामगार त्या काळात थोडेच. म्हणून पुष्कळदा या कायद्याची थट्टा होते, की मेल्यावर पेन्शन देणारी ही योजना. पण त्या कायद्याला दुसरे दार होते. ज्याचे शरीर त्याआधी थकले, त्याला अपंगत्वाची पेन्शन मिळे, आणि सुरुवातीच्या काही दशकांत वृद्धापकाळाच्या पेन्शनपेक्षा याच दाराने आत आलेल्यांची संख्या कितीतरी मोठी होती. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या त्या कडक प्रशियन नोकरशाहीलाही कळत होते, की सगळी शरीरे एकाच वर्षी थकत नाहीत.

आज तर हे ज्ञान पार तासांपर्यंत पोचले आहे. २००९ पासून जर्मनीच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत गुडघ्याच्या सांध्याची झीज आहे. अट अशी, की कामगाराने आयुष्यात एकूण किमान १३,००० तास गुडघ्यांवर किंवा तशाच ताणाच्या स्थितीत काम केलेले असावे आणि पाळीत किमान एक तास तरी तसा गेलेला असावा. हा आकडा जरा मांडून पाहावा. दिवसाला तीन तास गुडघ्यांवर आणि वर्षाला २१० दिवस काम धरले, तर वर्षाचे ६३० तास होतात. सोळाव्या वर्षी उमेदवारीला लागलेला मुलगा सदतीसच्या आसपास १३,००० तासांची रेषा ओलांडतो. पेन्शन तिथून तीस वर्षे लांब असते. जड ओझ्यांमुळे होणारे कमरेच्या मणक्यांचे आजार याच यादीत १९९३ पासून आहेत. उन्हामुळे होणारे त्वचेच्या कर्करोगाचे काही प्रकार २०१५ पासून आहेत, आणि गोऱ्या कातडीचा जो कामगार उन्हाळाभर उघड्या पाठीने छपरावर वाकलेला असतो, त्याच्या धंद्याशी त्यांचा संबंध उघड आहे.

तेव्हा जर्मन राज्याला माहिती नाही असे म्हणता येत नाही. गुडघे किती तासांत झिजतात हे त्याला ठाऊक आहे. पण २००१ च्या सुधारणेत बिस्मार्कच्या काळातले ते दुसरे दार बरेचसे लोटून घेतले गेले. पूर्वी माणूस आपला धंदा करू शकत नसेल, तर त्याला आधार मिळे. आता १ जानेवारी १९६१ नंतर जन्मलेल्याला विचारले जाते, की तुम्ही कोणतेही काम दिवसाला किती तास करू शकता? सहा तास किंवा अधिक करू शकत असाल, तर तुम्ही सक्षम. मग ते काम फाटकावर बसण्याचे का असेना, आणि ती नोकरी तुम्हाला कोणी देवो न देवो. तीस वर्षे स्लेट बसवलेल्या माणसाला शिडी चढता येत नाही, पण खुर्चीत बसता येते. कायद्याच्या लेखी तो धडधाकट. थोडे आधी निवृत्त व्हायचे, तर ३५ वर्षांची वर्गणी दाखवून ६३ व्या वर्षी बाहेर पडता येते. पण ज्यांचे वय ६७ ठरले आहे त्यांची पेन्शन त्यासाठी कायमची १४.४ टक्क्यांनी घटते.

२०१४ मध्ये आंद्रेआ नालेस मजूरमंत्री असताना यावर उतारा निघाला. ४५ वर्षे वर्गणी भरलेल्याला कपातीशिवाय लवकर निवृत्ती. सुरुवातीला ६३ व्या वर्षी, पुढे जन्मवर्षानुसार वाढत ६५ पर्यंत. भाषणांमध्ये पुन्हा तोच छपरावरचा कामगार होता. पण हा हिशेब कोणाच्या बाजूने जातो? ज्याची नोकरी अखंड चालली, ज्याला मोठे आजारपण आले नाही, ज्याला पन्नाशीत काम सोडावे लागले नाही, त्याच्या. सोळाव्या वर्षापासून एकाच कारखान्यात किंवा एकाच कचेरीत टिकलेला माणूस ४५ वर्षे सहज भरतो. छपरावरचा माणूस बावन्नाव्या वर्षी पाठीमुळे बसला, तर त्याची वर्षे अपुरी पडतात. ज्याचे नाव घेऊन दार उघडले, नेमका तोच उंबऱ्यापाशी अडखळतो.

शेजारच्या ऑस्ट्रियाने वेगळी मोजपट्टी काढली. तिथे २००७ पासून 'जड कामाची पेन्शन' आहे. पुरुषाने आठ तासांच्या कामात किमान २,००० आणि स्त्रीने १,४०० किलोकॅलरी खर्च केल्या, तर ते जड शारीरिक काम. एकूण ४५ विमावर्षे आणि शेवटच्या २० वर्षांतली १० जड कामाची असतील, तर साठाव्या वर्षी सुटका. फ्रान्सने त्याच्याही पुढे जाऊन २०१५ पासून कष्टांचे खाते उघडले. रात्रपाळी, आवाज, कडक ऊन-थंडी अशा दहा निकषांवर गुण साठवायचे आणि ते लवकर निवृत्तीसाठी किंवा नवे काम शिकण्यासाठी मोडायचे. पण २०१७ मध्ये मॅक्राँ सरकारने त्यातले चार निकष काढून टाकले: जड ओझी, अवघडलेली शरीरस्थिती, यंत्रांचे हादरे आणि रसायनांशी संपर्क. मालकांची तक्रार होती की हे मोजायचे कसे? कोण किती वेळ वाकला, याची नोंद कोण ठेवणार? बांधकामवाल्यांना जे निकष सर्वांत जवळचे, तेच खात्यातून गेले. छपरावरच्या माणसाचा दिवस म्हणजे ओझे आणि वाकणे. ते वगळल्यावर त्याच्या खात्यात फारसे काय उरणार?

मालकांची तक्रार साफ खोटी नव्हती, हे मान्य करायला हवे. पाच माणसांच्या छोट्या व्यवसायात रोज घड्याळ लावून कोणी कोणाचे वाकणे मोजत नाही. पण मोजता येत नाही म्हणून खर्च नाहीसा होत नाही. तो फक्त मालकाच्या वहीतून निघून कामगाराच्या सांध्यांत जमा होतो.

या सगळ्या मोजपट्ट्यांत एक गोष्ट सारखी आहे. वर्षे मोजा, कॅलरी मोजा, गुण मोजा, मोजले जाते ते मुख्यतः बाहेर पडणे. सदतिसाव्या वर्षी गुडघे गेलेल्या माणसाला पुढची तीस वर्षे काय काम द्यायचे, हा प्रश्न, फ्रेंच खात्यातली नवे काम शिकण्याची सोय सोडली तर, यातल्या एकाही सूत्रात नाही. आणि ज्या गोष्टींनी गुडघे वाचतात त्या अगदी साध्या आहेत. जर्मनीत एका चौरस मीटरला साधारण दहा कौले लागतात, वजन चाळीस-पंचेचाळीस किलो. ही कौले खांद्यावरून शिडीने वर न्यायची की शिडीवर तिरप्या धावणाऱ्या विजेच्या पाळण्यातून, यावर त्या कामगाराची पन्नाशी कशी जाणार हे ठरते. ट्रकवरच्या क्रेनने कौलांचे गठ्ठे थेट पाख्यावर उतरले, तर दिवसाचे कित्येक हेलपाटे वाचतात. सिमेंटचे पोते आपल्याकडे आजही ५० किलोचे येते. जर्मनीत ते सहसा २५ किलोचे मिळते. सिमेंट तेच, इमारत तेवढीच मजबूत. फरक पडतो तो उचलणाऱ्याच्या कमरेला, आणि हा फरक कोणीतरी कागदावर निर्णय घेतला म्हणून पडला.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. जर्मनीत छपराच्या धंद्यात 'माइस्टर' ही उस्तादाची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय सहसा स्वतंत्र व्यवसाय थाटता येत नाही. ही परीक्षा दिलेला माणूस पन्नाशीनंतर पाहणी, मोजमाप, अंदाजपत्रक, उमेदवारांची शिकवणी यांकडे वळू शकतो. शरीर थकते तेव्हा त्याची किंमत वाढलेली असते. ज्याने ती दिली नाही, तो हातोडा घेऊन वरच राहतो. छपरावरून सन्मानाने उतरण्याची एक शिडी त्या देशाकडे आहे, पण ती अरुंद आहे. छोट्या व्यवसायात टेबल एकच असते आणि त्यावर मालक बसलेला असतो.

जर्मन छपरावरून कोकणातल्या छपरावर यायला उडी मारावी लागत नाही. १८६५ साली मंगळूरजवळ जेप्पू इथे बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट या जर्मन माणसाने कौलांचा पहिला कारखाना काढला. यंत्रात दाबून भाजलेले, एकमेकांत अडकणारे हे चपटे कौल पुढे पश्चिम किनाऱ्यावर पसरले आणि मंगलोरी कौल म्हणून कोकणातल्या घराघरावर चढले. त्याआधी नळीची कौले होती, गवत होते, झावळ्या होत्या. मंगलोरी कौलाने छप्पर हलके आणि नेटके केले. मात्र त्यावर चढणाऱ्या माणसाची गरज संपली नाही. ती दर वर्षाचीच राहिली.

चैत्र सरला की कोकणात शाकारणी सुरू होते. मृगाच्या आत घर शाकारून व्हायला हवे, कारण त्यानंतरच्या चार महिन्यांत रत्नागिरीसारख्या ठिकाणी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. कौले उतरवायची, शेवाळ खरवडायचे, फुटकी बाजूला काढायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या, वासे ठोकून वाळवी लागली का बघायचे आणि पावळीपासून आढ्यापर्यंत एकेक ओळ पुन्हा चढवत न्यायची. वानरांनी वर्षभर जो धुमाकूळ घातलेला असतो, त्याची भरपाई वेगळी. शंभर चौरस फुटांना सुमारे दीडशे कौले लागतात. एक कौल दोन-अडीच किलोचे. हजार चौरस फुटांचे छप्पर असेल तर दीड हजार कौले, म्हणजे तीन ते पावणेचार टन वजन. ते एकदा खाली येते आणि एकदा वर जाते. मध्ये तीन-चार जणांच्या हातांतून फिरते. हे सगळे वैशाखात, जेव्हा तापलेल्या कौलावर अनवाणी पाय ठेवणे ही परीक्षाच असते आणि दमट हवेत घाम वाळतच नाही.

आणि वर कोण असतो? पुष्कळ गावांत पंचावन्न-साठीच्या पुढचा माणूस. याचे कारण जनगणनेत आहे. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची घटली. २०११ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कर्ते पुरुष मुंबई-पुण्याला, घरे गावाला. शाकारणीचे हुन्नर बापाकडून मुलाकडे जायचे. मुलगा विरारच्या लोकलमध्ये असल्यावर ते बापापाशीच थांबले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले आणि रायगड, दापोली, मंडणगड भागातली असंख्य छपरे पावसाच्या तोंडावर उघडी पडली, तेव्हा कौलांची टंचाई सगळ्यांना दिसली. कौले बसवणाऱ्या हातांची टंचाई त्याआधीची होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आले, तेही ऐन शाकारणीच्या दिवसांत.

शाकारणीला वर चढणाऱ्या या माणसाचे वय त्याच्याविरुद्ध जाते तसे त्याच्या बाजूनेही उभे राहते. पाय कुठे ठेवायचा हे त्याला कळते: कौलाच्या पोटावर नाही, तर रिपेच्या वर, जिथे वरचे कौल खालच्यावर बसते. बोटाने टिचकी मारून भाजणीतला कच्चेपणा आणि डोळ्यांना न दिसणारी चीर त्याला ऐकू येते. घराच्या कोणत्या अंगाला वाऱ्याचा मारा जास्त, कोणत्या पन्हळीत दरसाल पाला अडकतो, कुठला वासा गेल्या खेपेला बदलला, हे त्याच्या डोक्यात असते. म्हणूनच जाणता माणूस कमी वेळा पडतो. अमेरिकेतल्या कामगारांची आकडेवारीही साधारण हेच सांगते, की वयस्कर कामगारांना छोट्या दुखापती तरुणांपेक्षा कमी होतात, पण त्यांच्या अपघातांत जीव जाण्याचे प्रमाण अधिक असते. तोल सावरायला पायांत पूर्वीची चपळाई नसते, उन्हात शरीर लवकर थंड होत नाही, हाडे तशी जुळत नाहीत. शिवाय उन्हातान्हातल्या आयुष्याने डोळ्यांत मोतीबिंदू किंवा बुबुळाकडे सरकणारा मांसाचा पडदा आणलेला असतो, आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर डोळेच दगा देतात.

अशा वेळी टोळीतले तरुण म्हणतात, "काका, तुम्ही खालीच थांबा, नुसतं सांगा." काका थांबत नाहीत. याला हट्ट म्हणायची पद्धत आहे. म्हातारपण मानायला तयार नाहीत, सवयच ती, असे लोक कौतुकाने बोलतात. त्यात अभिमानाचा भाग असेलही. पण हिशेब पाहिला की हट्टाचा उलगडा लवकर होतो. हजेरी वर चढणाऱ्याची असते. खाली उभा राहून "ते कौल काढ, त्याला चीर आहे" असे सांगणाऱ्याचा रोज कोणी लावत नाही. लावला तर अर्धा. घरापुढच्या खळ्यात बसून कौलांची निवड करणे हे घरमालकाला काम वाटत नाही, म्हाताऱ्याचा विरंगुळा वाटतो. ज्या नजरेवर चार महिन्यांचा पाऊस बाहेर राहायचा आहे, ती नजर फुकट आणि गुडघे पैशाचे. मग माणूस गुडघे विकणारच. जर्मनीतल्या कायद्याने खुर्चीत बसू शकणाऱ्याला सक्षम ठरवले, पण खुर्ची दिली नाही. कोकणात खळ्यातली खुर्ची आहे, पण तिच्यावर बसल्याचा रोज नाही.

सरकारी चौकटीत या माणसाची जागा शोधली तर ती आणखी अडचणीची निघते. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राचा कायदा झाला. त्यानुसार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होत असे ती १८ ते ६० वयाच्या कामगाराची, आणि आधीच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे लागे. शाकारणीचा हंगाम जेमतेम दीड-दोन महिन्यांचा. बाकीचे वर्ष तो भात लावतो, आंब्याच्या बागेत जातो, गडगे रचतो. त्याचा मालक कोण? दरसाल वीस-पंचवीस वेगवेगळी घरे. शिवाय स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम करून घेणारा घरमालक या कायद्याच्या व्याख्येत येतच नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा पन्नास लाखांवर गेली आहे. साठ वर्षे आणि नव्वद दिवस या अटी मात्र तशाच आहेत. टॉवर बांधणाऱ्या कंपनीकडून मंडळाला उपकर मिळतो. कोकणातल्या घराच्या शाकारणीतून तो यायचा प्रश्नच नाही, कारण ते काम मुळात कोणाच्या हिशेबात नाही.

२०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने साठी ओलांडलेल्या नोंदीत बांधकाम कामगारांसाठी पेन्शन जाहीर केली: नोंदणी दहा वर्षांची असेल तर वर्षाला ६,००० रुपये, वीस वर्षांची असेल तर १२,०००. महिन्याला हजार रुपये ही रक्कम तुटपुंजी आहेच. त्याहून मोठी अडचण ही, की सलग नोंदणी टिकवायला जो कागदी खटाटोप लागतो तो हंगामी माणसाला झेपत नाही. ४५ वर्षांच्या जर्मन अटीचीच ही गरीब आवृत्ती. दोन्हीकडे लाभ त्याला मिळतो ज्याचे काम सुरळीत चालले, आणि ज्याचे शरीर मध्येच थांबले तो रांगेबाहेर पडतो.

यावर एक सडेतोड आक्षेप येतो. कौलांचा जमाना सरला, पत्रे आले, स्लॅब आले. मरणाऱ्या धंद्यासाठी एवढा खल कशाला? आक्षेपात तथ्य आहे. मंगलोरी कौलांचे बरेच कारखाने बंद पडले, कोकणात लोखंडी सांगाड्यावर रंगीत पत्रे सर्रास दिसतात आणि दरसालच्या शाकारणीला कंटाळलेल्या घरमालकाला दोष देता येत नाही. पण पत्राही कोणीतरी वर चढूनच ठोकतो, आणि वादळात तो सुटला तर कोणीतरी वर चढूनच पुन्हा बसवतो. जुन्या गोठ्यांवरचे, शेडवरचे सिमेंटचे पत्रे तर उन्हापावसाने ठिसूळ होतात आणि पाऊल पडताच फुटतात. पत्रा फुटून खाली कोसळणे हा जगभर छपरावरच्या मृत्यूंचा ठरलेला प्रकार आहे. स्लॅबला गळती लागली की त्यावरही पत्र्याचे छप्पर चढते. आणि २०२४ मध्ये केंद्राने एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याची योजना आणली आहे. जर्मनीत छपरावरच्या कामगारांना सौर पॅनेलनी नवे काम दिले. आपल्याकडेही हजारो नवे तरुण छपरावर चढणार आहेत, आणि हे छप्पर किती वजन पेलेल हे सांगू शकणारा माणूस नेमका तोच आहे ज्याला साठाव्या वर्षी मंडळाने यादीतून काढले. वस्तू बदलते, उंची तेवढीच राहते.

दुसरा आक्षेप नाजूक आहे: ज्याला झेपत नाही त्याने दुसरे काम बघावे. शहरातल्या वाचकाला हे सरळ वाटते. पण पंचावन्नाव्या वर्षी, शाळा चौथीत सुटलेल्या माणसासाठी गावात दुसरे काम कोणते? ते जर असते तर मुलगा विरारला गेला नसता. छपराबाहेर नवे काम शोधण्यापेक्षा छपराच्याच कामात जमिनीवरच्या जागा तयार करणे जास्त शहाणपणाचे आहे, आणि त्या जागा कामातच दडलेल्या आहेत.

छपराची पाहणी हे वेगळे, पैसे देऊन करून घ्यायचे काम होऊ शकते. फाल्गुनात, ऊन चढण्याआधी, जाणत्या माणसाने घर आतून-बाहेरून पाहावे, माळ्यावर जाऊन वाशांवरचे डाग तपासावेत, किती कौले लागतील आणि किती रिपा बदलायच्या हे लिहून द्यावे. त्याचा रोज वर चढणाऱ्याइतकाच असावा. बहुतेक छपरे गळतात ती दहा-वीस कौलांपाशी. ती नेमकी सापडली तर सगळे पाखे उतरवायची वेळ दरसाल येत नाही आणि घरमालकाचेही पैसे वाचतात. कौलांची निवड, आढ्यावरच्या कौलांचा मसाला, पन्हळींची बांधणी, नव्या पोरांना शिकवणे ही सगळी जमिनीवरून किंवा शिडीच्या पहिल्या चार पायऱ्यांवरून होणारी कामे आहेत.

सुरक्षेचेही तसेच. कामगार मंडळाच्या सुरक्षा संचात हेल्मेट, बूट आणि कमरेचा-खांद्याचा पट्टा मिळतो. पट्टा चांगला आहे, पण कौलारू घरावर तो अडकवायचा कशाला? आढ्याला पक्की कडी नसेल तर पट्टा पेटीतच राहतो. शिवाय बुटांनी कौल फुटते, म्हणून वर चढणारा बूट घालत नाही. इथे गरज आहे ती आढ्याला अडकणाऱ्या आकड्याच्या शिडीची, वजन विभागणाऱ्या फळीची, कौले चढवणाऱ्या साध्या कप्पीची आणि घर बांधताना किंवा आढे बदलताना तिथे एक कायमची लोखंडी कडी ठोकण्याची. हे साहित्य एकेका कामगाराने विकत घ्यावे अशी अपेक्षा चुकीची. ग्रामपंचायतीकडे भांडी आणि मंडप असतात तसे हेही गावाचे असू शकते. मंडळाकडे जमा होणाऱ्या उपकराचा असा उपयोग टॉवरवरच्या कामगाराचे काही हिरावून घेत नाही.

नोंदणीच्या नियमांतही फार मोठी क्रांती नको. हंगामी छप्परकामासाठी ९० दिवसांऐवजी हंगाम मोजता येईल; ग्रामसेवकाच्या दाखल्याची सोय आजही आहे, तोच दाखला वीस घरांच्या यादीवर देता येईल. साठीनंतर नाव खोडण्याऐवजी पाहणी आणि शिकवणीचे काम करणाऱ्यांसाठी वेगळा वर्ग ठेवता येईल. आणि ज्याचे गुडघे साठीच्या आत गेले, त्याला आपल्या धंद्यापुरता असमर्थ मानणारा नियम हवा. तो दिवसाला सहा तास कुठेतरी बसू शकतो का, हे विचारून भागणार नाही. जर्मनीने २००१ मध्ये जी चूक केली ती आपण नवे नियम लिहिताना टाळू शकतो.

यातला पहिला पैसा मात्र सरकारकडून येणार नाही, आणि त्याची वाट पाहायचेही कारण नाही. कोकणातली पुष्कळ घरे वर्षाचे अकरा महिने बंद असतात. मालक चाकरमानी, गणपतीला आणि मेमध्ये येणारा. एप्रिल संपत आला की तो गावाला फोन करतो, "यंदा शाकारणी करून टाका, काय होईल ते सांगा." तो जो आकडा ठरवतो त्यात आज चढणाऱ्यांचे रोज, कौले आणि वाहतूक एवढेच असते. त्यात फाल्गुनातल्या पाहणीचा एक रोज, खळ्यात उभ्या राहणाऱ्या जाणत्याचा पूर्ण रोज आणि आढ्याच्या कडीचा एकदाचा खर्च धरला, तर एकूण बिल फार वाढत नाही. असा व्यवहार गावातल्या दहा घरांनी केला तरी एका माणसाचे हंगामातले दहा-बारा दिवस जमिनीवरच्या कामाने भरतात, आणि ते दिवस त्याला दुखऱ्या गुडघ्यांनी शिडी चढून कमवावे लागत नाहीत.